भिंगरीचा दावा

१२ मार्च

मावशी,

फोन न करता पत्र लिहिते आहे. मागच्या वेळी मी "वकील" म्हटलं, तुला "वखार" ऐकू आलं आणि आपण दहा मिनिटं लाकडाबद्दल बोललो. या वेळचं बोलणं असं वाया घालवून चालणार नाही.

भिंगरीला सात महिने पूर्ण झाले. पोटात असताना ती इतकी फिरायची, की तिच्या बाबानं तेव्हाच हे नाव ठेवलं. पाय तसे निघाले नाहीत, पण नाव बदलायला तो तयार नाही. जन्मली तेव्हा तिच्या कमरेशी पाठीवर एक फुगा होता, हे तुला ठाऊक आहे. मणक्याचं हाड पोटातच मिटायला हवं होतं, ते मिटलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. गुडघ्याखाली तिला फारसं जाणवत नाही आणि लघवी आम्हाला दिवसातून पाच वेळा बारीक नळीनं काढावी लागते. आता त्याची सवय झाली. नळी धुता धुता मी गाणं म्हणते आणि तिला वाटतं, गाणं म्हणजेच काहीतरी गार गार होणार.

नवीन सांगायचं ते हे. आम्ही एका वकिलाकडे गेलो होतो. त्यानं कागद चाळले आणि म्हणाला, "पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत हे दिसायला हवं होतं. रिपोर्टवर सगळं ठीक लिहिलंय. सेंटरवर दावा ठोकू. मात्र तुम्ही शपथेवर लिहून द्यायचं, की आधी कळलं असतं तर हे मूल आम्ही होऊ दिलं नसतं."

भिंगरी माझ्या मांडीवर बसून त्याच्या टेबलावरचा शिक्का चोखत होती.

बाहेर आल्यावर हा म्हणाला, "लिहून टाकू. कागदच तर आहे. तिला बूट लागतील, खुर्ची लागेल, पुढची ऑपरेशनं आहेत." त्याचं चुकत नाही. पण माझा हात काही उठत नाही. तू तीस वर्षं कोर्टात स्टेनो होतीस. सांग, सही करू का?

तुझी भाची


२० मार्च

पोरी,

सही करू नकोस. घाई असेल तर एवढंच वाचून पत्र घडी घालून ठेव, पण पुढचंही वाच.

आधी एक लक्षात घे, मी वकील नाही. लोक भांडायचे आणि मी टाइप करायचे. पण तीस वर्षं भांडणं बोटांतून गेली, की थोडं शहाणपण नखांत अडकून राहतंच.

असा एक दावा मी टाइप केलाय. बाई पिंजऱ्यात उभी होती. तिची मुलगी नऊ वर्षांची. घरी सांभाळायला कुणी नसल्यामुळे तिला आणून मागच्या बाकावर बसवलं होतं. वकिलानं विचारलं, "आधी कळलं असतं तर?" बाई म्हणाली, "तर नसती होऊ दिली." मी ते टाइप केलं. ती दावा जिंकली. तिला मी नावं ठेवत नाही. तिची गरज खरी होती आणि कदाचित बोलणंही खरं असेल. पण ते बोलून झाल्यावर तिनं मागे वळून पाहिलं, आणि तिचा तो चेहरा मी पाहिला.

तो रस्ता कायद्याला धरून आहे. तुला तो चालेल का, हे तू ठरव. पण दुसरे रस्ते बघितल्याशिवाय ठरवू नकोस.

हे झालं कशामुळे, ते शोधता येतं. एखादं औषध असेल, कामावरचं रसायन असेल, कुणीतरी जी ताकीद द्यायची ती दिली नसेल. तसं काही निघालं, तर "ही मुलगी नको होती" असं म्हणावं लागत नाही. "तिला ही इजा व्हायला नको होती" एवढंच म्हणायचं. शिवाय डॉक्टरांच्या मंडळाकडे तक्रार करता येते. तिथे डॉक्टरला जाब विचारतात, पण मुलीच्या हातात काही पडत नाही. आणि कुणाचीच चूक नसली, तरी तिचे म्हणून काही हक्क आहेतच: अपंगत्वाचा दाखला, भत्ता, पुढे शाळा. तो अर्ज याच आठवड्यात कर. त्यासाठी कुणाशी भांडावं लागत नाही, फक्त रांगेत उभं राहावं लागतं.

मुदतीचंही बघ. आईबापांच्या दाव्याला वेळ थोडा असतो, मुलाच्या स्वतःच्या दाव्याला बराच जास्त. नेमका किती, ते चांगल्या वकिलाला विचार, माझ्या आठवणीवर जाऊ नकोस.

आता मला सांग: गरोदरपणी काय खाल्लंस, काय प्यालीस, कुठली गोळी घेतलीस, कामावर कशाचा वास यायचा. सगळं.

मावशी


२ एप्रिल

मावशी,

सही केली नाही. जाऊन फाइल परत आणली. वकील म्हणाला, "ताई, भावनांवर घर चालत नाही." मी म्हटलं, "आमचं लिफ्टच्या दुरुस्तीवर चालतं." घरी येऊन सांगितलं तेव्हा हा हसला. पण त्याला अजून वाटतं, की हातातला एक रस्ता मी सोडला.

दाखल्याचा अर्ज केला. रांगेत अडीच तास. भिंगरीनं पुढच्या माणसाच्या शर्टाची शिवण उसवली.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. दारू-सिगारेटचा प्रश्नच नाही. दोन्ही घराण्यांत असं कुणाला झालेलं नाही. कामावर सातव्या महिन्यापर्यंत जात होते. बाइंडिंगखान्यात माझं काम म्हणजे छापून आलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, घडी घालून, क्रमानं लावून शिवायचे. त्याला वास फक्त कागदाचा. पण कोपऱ्यात गरम गोंदाचं पिंप असतं, त्याचा धूर मात्र डोळ्यांत जायचा. गोळ्या लोहाच्या. आणि कधीमधी डोकेदुखीची एखादी, बाकी काही नाही.

भिंगरी आता टाळ्या वाजवते. कशालाही. परवा बाबाच्या पायावर हातोडा पडला, तेव्हाही वाजवल्या.

तुझी


९ एप्रिल

पोरी,

गोंद! मला वास यायला लागला, गोंदाचाही आणि दाव्याचाही. त्या पिंपावर लेबल असेल. त्यावर लिहिलंय ते अक्षरन् अक्षर उतरवून पाठव. खिडक्या किती, पंखा होता का, गरोदर बाईला तिथे बसवू नये असं कुणी म्हणालं का, तेही कळव. कामगार खात्याच्या निरीक्षकाला लिहायचं पत्र मी मनात जुळवायलाही घेतलंय. निवृत्त झाल्यापासून इतकी ताजीतवानी मी झाले नव्हते.

डोकेदुखीच्या गोळीचं रिकामं पाकीटही पाठव. त्यात काही नसेल. पण "काही नसेल" म्हणून बाजूला ठेवलेला कागदच पुढे गळ्यात येतो, हे मी कितीदा पाहिलंय.

मावशी


२८ मे

मावशी,

मधे तुझी तीन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. तू निरीक्षकाला पत्र टाकलं नसशील, अशी आशा आहे. टाकलं असलंस तर मागे घे. बिचाऱ्या बाइंडिंगखान्याचा यात काही दोष नाही.

मला फिट्स येतात. एकोणिसाव्या वर्षापासून. डोकेदुखीची म्हणून सांगितली ती गोळी त्याची आहे, आणि ती कधीमधी घ्यायची नसून रोज दोनदा घ्यायची असते. आई म्हणाली होती, "लग्न होईपर्यंत गप्प राहा, मग सवडीनं सांग." आई गेली, लग्नाला चार वर्षं झाली, पण सवड काही मिळाली नाही. ह्याला मी डोकेदुखीचंच सांगितलंय. गोळ्या शिवणाच्या डब्यात सुयांखाली असतात, तिथे तो हात घालत नाही.

गेल्या महिन्यात भिंगरीला तपासायला नेलं, तर तिथे एक नवी तरुण डॉक्टर होती. तिनं विचारलं, "आईला कुठलं औषध चालू होतं?" मी ह्याला पाणी आणायला पाठवलं आणि गोळीचं नाव सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "या गोळीनं असा धोका वाढतो, हे माहीत असलेली गोष्ट आहे. मूल हवं असलं तर आधीच औषध बदलता येतं, सोबत दुसऱ्या गोळ्या देता येतात. तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नाही, मावशी. फिट्सच्या डॉक्टरकडे मी दर सहा महिन्यांनी जात होते. लग्नानंतर त्यांना स्वतः सांगितलं, की आता आम्हाला मूल हवंय. ते म्हणाले, "छान! गोळी चुकवू नका." मी एकही चुकवली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ नेमानं घेतली, आणि ती भिंगरीला पोचत होती.

आता दावा लावायचा तर हे सगळं कागदावर येणार आणि ह्याला कळणार. नाही लावला तर भिंगरीचं नुकसान. दोन्हीकडून माझीच मान अडकली आहे. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

तुझी


३ जून

पोरी,

पत्र फाडलेलं नाही. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

ताईनं मलाही सांगितलं नव्हतं. तिच्यावर रागवायची सोय राहिली नाही आणि तुझ्यावर रागवण्यात हशील नाही, म्हणून सकाळभर भांड्यांवर राग काढला. एका कपाचा कान गेला. आता शांत आहे. निरीक्षकाचं पत्र टाकलं नव्हतं, त्या पिंपाची मी मनापासून माफी मागते.

आधी एक गोष्ट. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नकोस. तसं केल्यानं जीव जाऊ शकतो. त्या तरुण डॉक्टरला विचारून चांगला दुसरा डॉक्टर गाठ.

आता तुझं ते "पोचत होती". तू तुझ्या मुलीला काहीही केलेलं नाहीस. मूल हवंय हे त्यांना सांगायचं होतं, ते तू सांगितलंस. धोका आहे हे तुला सांगायचं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. दाव्याचा सगळा सांगाडा या दोन वाक्यांत आला. आणि हा दावा तुझा नाही, तिचा आहे. तू फक्त तिच्या वतीनं सही करणार, कारण तिला अजून पेन धरता येत नाही आणि धरलं तर ती ते चोखेल.

जावईबापूंना सांग. नोटिशीतून कळायच्या आत सांग. कोर्टात मी नवरे-बायका एकमेकांबद्दल नवीन माहिती ऐकताना पाहिले आहेत. ती जागा त्यासाठी फार वाईट.

मावशी


२१ जून

मावशी,

सांगितलं.

रविवारी दुपारी तो भिंगरीला उभं राहता यावं म्हणून लोखंडी पाइपांची चौकट बनवत बसला होता. तिला मधोमध चटईवर ठेवलं होतं, मापासाठी. मी समोर बसले आणि शिवणाचा डबा उलटा केला. सुया, रिळं, गोळ्या, सगळं जमिनीवर. मग बोलत गेले. तो पाना हातात धरून ऐकत होता. शेवटी एवढंच विचारलं, "लग्नानंतर किती वेळा?"

"दोनदा. एकदा आईकडे, एकदा इथे. तू कामावर होतास."

त्यानं एक एक सुई वेचून डब्यात ठेवली, भिंगरीच्या हाताला लागू नये म्हणून. मग बाहेर निघून गेला. पुढचे सहा दिवस "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच. भिंगरीशी मात्र नेहमीसारखं बोलायचा, त्यामुळे ते आणखी टोचायचं.

सातव्या दिवशी चहा घेताना अचानक म्हणाला, "लिफ्ट उघडण्याआधी मी मालकाला बसवून विचारतो, आधी काय काय बिघडलं होतं ते सगळं सांगा. माणसं लपवतात, आणि मग मी खाली उभा असताना ती वरून सरकते. तू मला चार वर्षं तसंच खाली उभं केलंस. चुलीपाशी पडली असतीस तर? मला काहीच माहीत नव्हतं. मी घाबरून तुझ्या तोंडात पाणी ओतलं असतं."

मला वाटलं होतं, तो म्हणेल फसवलंस. त्याला भीती वाटत होती ती मी गुदमरण्याची.

मी खूप रडले. तो म्हणाला, "रडणं नंतर. आधी फिट आली तर काय करायचं ते शिकव." मग मी फरशीवर आडवी झाले आणि त्यानं मला कुशीवर वळवून पाहिलं, डोक्याखाली उशी, घड्याळाकडे नजर, तोंडात काहीही घालायचं नाही. तीनदा सराव केला. तिसऱ्या वेळी त्यानं मला जरा जास्तच जोरात वळवलं आणि मी कपाटावर आपटले. भिंगरीनं टाळ्या वाजवल्या.

राग पूर्ण गेलेला नाही. मधेच कशावरून तरी वर येतो. तेवढा त्याचा हक्क आहे. दावा करायचा, हे मात्र दोघांनी मिळून ठरवलं.

तुझी


३० जून

पोरी,

जावईबापूंना माझा नमस्कार. इतकी वर्षं मी त्यांना "बरा मुलगा" म्हणत होते, आता "बरा" काढून टाकते आणि "चांगला" घालते.

आता कामाला लागा. फिट्सच्या क्लिनिककडे तुझ्या सगळ्या नोंदींच्या नकला लेखी मागायच्या. पेशंट म्हणून तो तुझा अधिकार आहे, मेहेरबानी नाही. कशासाठी हव्यात, ते सांगायची गरज नाही. सोबत एका वकीलबाईंचा पत्ता देते. माझ्या काळात त्या नव्या होत्या, सावकाश बोलायच्या आणि एकदा धरलं की सोडायच्या नाहीत. मी पाठवलं म्हणून सांग.

मावशी


१४ सप्टेंबर

मावशी,

दोन स्मरणपत्रं पाठवल्यावर नोंदी मिळाल्या. त्यात एक छापील फॉर्म आहे: "गर्भधारणेतील धोक्याची माहिती." वर माझं नाव. तारीख ११ जानेवारी, भिंगरी जन्मली त्याच्या आदल्या वर्षाची. चौकटीत बरोबरची खूण आणि पेनानं लिहिलेलं, "रुग्णास तोंडी समजावले." माझ्या सहीची जागा रिकामी.

वकीलबाई म्हणाल्या, "सही नाही हे आपल्या बाजूचं, पण त्या दिवशी तुम्ही क्लिनिकमध्ये गेला होतात, हे त्यांच्या बाजूचं." आणि गेले होते खरंच. तीन दिवस मी स्वतःलाच विचारत होते, त्यांनी सांगितलं असेल का? माझंच लक्ष नसेल का? ह्याला विचारावं तर तो तिथे नव्हता, कारण मीच त्याला कधी नेलं नव्हतं. एकदा तर वाटलं, खरंच सांगितलं असेल आणि मूल हवं या नादात मी ऐकलं नसेल.

चौथ्या दिवशी फॉर्म कामावर घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत आमच्या थोरल्या बाईंना दाखवला. त्या तीस वर्षं छापखान्याची कामं बघतायत. कुठलाही कागद हातात आला, की आधी त्याची जाडी बघतात, मग तळ, आणि मजकूर सगळ्यात शेवटी. त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर परवाचा आहे."

छापील फॉर्मच्या अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत छापखाना आपली नोंद टाकतो: किती प्रती, कुठला महिना, कुठलं वर्ष. मी रोज असे शेकडो कागद मोजते आणि माझ्या स्वतःच्या कागदावर ती ओळ मला दिसली नव्हती. त्या ओळीत महिना आहे गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. भिंगरी ऑगस्टमध्ये जन्मली. तिचा जन्म होऊन दोन महिने झाल्यावर जो फॉर्म छापला, तो तिच्या जन्माच्या दीड वर्ष आधी भरलाय!

त्यांच्या हातातलं भिंग घेऊन मी ती ओळ स्वतः वाचली. आनंद झाला म्हणावा तर विचित्र वाटतं. पण मला कुणी सांगितलं नव्हतं, मावशी. मी ऐकलं नाही असं झालेलं नाही. माझी आठवण खरी निघाली.

तुझी


१९ सप्टेंबर

पोरी,

तुझ्या थोरल्या बाईंना माझ्यातर्फे लवून नमस्कार. इतक्या वर्षांत असे किती कागद माझ्या हातांखालून गेले असतील आणि मी एकाचाही तळ पाहिला नाही.

नाचून झालं असेल तर ऐक. त्या नकलेवर पेनाचा ठिपकाही पडू देऊ नकोस. हे क्लिनिकला आत्ताच कळवू नका. आधी वकीलबाई त्यांच्याकडून मूळ कागद जपून ठेवण्याची लेखी हमी घेतील, आणि छापखान्याच्या नोंदवहीचा उतारा मिळवतील. मग काय ते बोलायचं.

मावशी


८ फेब्रुवारी

मावशी,

काल मिटलं. कोर्टाची पायरी फार चढावी लागली नाही. छापखान्याचा उतारा समोर ठेवल्यावर पंधरा दिवसांतच त्यांच्या वकिलाचं पत्र आलं, की मध्यस्थापुढे बसूया.

खोली साधी होती. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. ते बघून हा अस्वस्थ झाला, त्याला बंद पडलेली वस्तू बघवत नाही. डॉक्टर समोर बसले होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा थकलेले. मध्यस्थबाईंनी विचारल्यावर ते म्हणाले, "नवा नियम आला, नवे फॉर्म आले. फाइली पूर्ण दिसाव्यात म्हणून जुन्या तारखा घालून भरायला मीच सांगितलं. माझी समजूत होती, की सगळ्यांना मी तोंडी सांगतोच." मग माझ्याकडे बघून, "तुम्हाला सांगितलं नाही. मला ते आठवतंय. त्या दिवशी बाहेर गर्दी होती."

एवढंच, मावशी. बाहेर गर्दी होती.

मी घरून मोठं भाषण पाठ करून नेलं होतं. ते बोललेच नाही. म्हटलं, "ज्या बाकीच्या बायकांच्या फाइली अशाच भरल्या, त्यांना बोलवा. ज्यांना अजून मूल व्हायचंय त्यांना." ते लगेच हो म्हणाले. ते तडजोडीत लिहून घेतलंय, तारखेसकट. डॉक्टरांच्या मंडळाकडे तडजोडीची एक प्रत जाणार आहे.

भिंगरीची ऑपरेशनं, बूट, खुर्ची, व्यायाम, हे ती मोठी होईपर्यंत त्यांच्या विम्यातून. रक्कम तिच्याच नावावर, कोर्टाच्या देखरेखीखाली. दावा तिचा, तू लिहिलं होतंस तसं. आम्हालाही हात लावता येणार नाही, हे ऐकून ह्याला फार बरं वाटलं.

शेवटी मध्यस्थबाई म्हणाल्या, "आणखी काही?" मी म्हटलं, "पहिलं वाक्य मला हवं ते घाला: ही मुलगी तिच्या आईवडिलांना हवी होती आणि हवी आहे." त्यांचा वकील म्हणाला, "याला कायद्यात काही अर्थ नाही." मध्यस्थबाई म्हणाल्या, "अडचणही नाही. लिहा." टाइप करणारी मुलगी हसली. मला तू आठवलीस.

भिंगरी तिच्या बाबाच्या मांडीवर झोपली होती. तिला कशाचा पत्ता नाही.

नव्या डॉक्टरांनी माझी गोळी बदलली आहे. कामावर सगळ्यांना सांगून टाकलं. थोरल्या बाई म्हणाल्या, "मग कटिंग मशिनपासून लांब बस," आणि विषय संपला. हेच मी इतकी वर्षं लपवत होते!

तुझी


१५ फेब्रुवारी

पोरी,

ते वाक्य मी तीनदा वाचलं. टाइप करायला मिळायला हवं होतं.

आता कागद बांधून ठेव आणि मुलीला खेळव. शाळेची वेळ येईल तेव्हा कुणी पायऱ्यांचं कारण सांगेल. त्यांना घाबरू नकोस. पायऱ्या माणसांनी बांधलेल्या असतात.

मावशी


१९ जुलै, अडीच वर्षांनी

मावशी,

बालवाडीत पहिला महिना झाला. सुरुवातीला मुख्याध्यापिका म्हणाल्याच, "आमच्याकडे तीन पायऱ्या आहेत." हा म्हणाला, "मोजल्या मी," आणि रविवारी जाऊन लाकडी उतरण बसवून आला. आता शाळेतली सगळी पोरं त्यावरूनच घसरतात आणि पायऱ्यांना कुणी विचारत नाही. नळीचं काम एका बाईंना शिकवलं. त्यांनी पहिल्या दिवशी गाणं कुठलं म्हणायचं, ते विचारून घेतलं.

काल दुपारी मुख्याध्यापिकांची चिठ्ठी आली: "ताबडतोब येऊन भेटा." मला वाटलं: पडली असेल, खुर्ची कलंडली असेल, नको म्हणत असतील. ह्याला कामावरून बोलावून घेतलं, तो ग्रीसचे हात न धुताच आला. वाटेत मी मनातल्या मनात वकीलबाईंचा पत्ता आठवत होते.

आत गेलो तर भिंगरी आपल्या खुर्चीत ताठ बसलेली, तोंड घट्ट मिटून. शेजारी एक गोबरी मुलगी हुंदके देत होती. मुख्याध्यापिका गंभीरपणे म्हणाल्या, "तुमची मुलगी चावली."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हा म्हणाला, "काय?"

"चावली. दंडाला. खुर्ची ढकलायची पाळी कुणाची, यावरून भांडण झालं. आणि विचारलं तर म्हणते, मी पुन्हा चावेन."

मावशी, ह्याला हसू आवरेना. तो खिडकीकडे तोंड करून खोकल्यासारखं करत होता आणि त्याचे खांदे हलत होते. मलाही ओठ चावून उभं राहावं लागलं. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल जो कुणी काही सांगायला आला, तो तिच्या पाठीबद्दल, पायांबद्दल. तिनं काय केलं, हे काल पहिल्यांदा कुणी सांगितलं.

आता सांग. या वेळी आपण प्रतिवादी आहोत. काय करायचं?

तुझी


२५ जुलै

पोरी,

प्रकरण वाचलं. तुमची बाजू फार कच्ची आहे. दातांचे ठसे आहेत, साक्षीदार आहेत, आणि आरोपीनं पुन्हा करण्याची धमकी शिक्षिकेसमोर दिली आहे. आजार, पाय, खुर्ची यांतलं काहीही बचावात आणू नका, ते चालणार नाही.

चुपचाप गुन्हा कबूल करा. त्या मुलीची भिंगरीनं स्वतः माफी मागायची, तिच्या तोंडानं, तुमच्या नाही. खुर्ची ढकलायच्या पाळ्या लिहून भिंतीवर लावायच्या, आणि पहिली पाळी त्या गोबऱ्या मुलीची.

मी पुढच्या शनिवारी येते. आरोपीला भेटायचंय.

मावशी